अर्धा सूर खाली

४ जून

डॉक्टरीणबाईंनी वही ठेवा म्हणून सांगितलं. रोज लिहायचं: ही किती बोलली, पाणी किती प्यायली, खोकली का, आवाज कसा लागला. मला लिहायची सवय नाही. माझा हात पेटीवर चालतो, कागदावर अडखळतो. पण गळा हिचा आहे आणि त्या गळ्यावर आमचं घर उभं आहे, तेव्हा परतताना कोपऱ्यावरच्या दुकानातून दोनशे पानी वही घेतली.

नळीच्या टोकाला कॅमेरा लावून त्यांनी हिचा गळा आतून दाखवला. लग्न झाल्यापासून एकतीस वर्षं मी ज्याच्या मागे पेटी धरतोय तो ऐवज एवढासाच: बोटाच्या पेराएवढ्या दोन पांढऱ्या कडा, आणि डावीवर मोहरीएवढा फुगवटा. सर्दी अंगावर काढून लागोपाठ तीन कार्यक्रम केले त्याचा हा प्रसाद. तिसरा कार्यक्रम मी घेतला होता. पण तेव्हा ही "बघू" म्हणाली होती, नाही म्हणाली नव्हती.

"तीन आठवडे तोंडाला कुलूप," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "कुजबुजायचंसुद्धा नाही, त्याने उलट जास्त ताण पडतो. खाकरायचं नाही, घोटभर पाणी प्यायचं. आणि पुढे गाणं सुरू कराल तेव्हा जुन्या पट्टीचा हट्ट नको. वयाबरोबर आवाज उतरतो थोडा. चष्मा लागला म्हणून कुणी वाचायचं सोडतं का?"

त्यांना सांगायला काय जातं. हिची पट्टी काळी पाच. म्हणजे पेटीवरची पाचवी काळी पट्टी हा हिचा सा. या वयात एवढ्या वर सा धरून गाणाऱ्या बायका हाताच्या बोटांवर मोजाव्यात. लोक हिला नावाने ओळखतच नाहीत, 'काळी पाचच्या बाई' म्हणतात. मी जाहिरातीतही तसंच छापून घेतो. पट्टीची गायिका ती हीच.

घरी आल्यावर हिने माळ्यावरून लेकीची शाळेतली पाटी काढली. पुसून त्यावर पहिलं लिहिलं, "चहा टाका." मी टाकला. चहा पिता पिता पुन्हा लिहिलं: "अर्धा सूर खाली घेऊ या का? मला चालेल."

मला हसूच आलं. म्हटलं, "वेडी का काय! काळी पाच सोडलीस तर उरलं काय?" आणि रुमालाने पाटी पुसून टाकली. बिचारी फार खचली आहे. अशा वेळी माणूस काहीही बोलतं. तिला धीर द्यायला हवा.

११ जून

मौनाचा आठवा दिवस. पाणी अकरा पेले. खोकला नाही. एकदा खाकरली आणि लगेच स्वतःच कानाला हात लावला.

एकतीस वर्षांत पहिल्यांदाच या घरात शेवटचा शब्द माझा असतो, पण त्यात राम नाही. ही पाटीवर लिहून काढेपर्यंत भांडणाची वाफच निघून जाते. मला हाक मारायची तर पेल्यावर चमचा वाजवते. काल रागाने वाजवला तो इतका स्वच्छ लागला की मी म्हटलं, "पांढरी दोन!" तिला हसू फुटलं, ते दाबता दाबता डोळ्यांत पाणी आलं. मोठ्याने हसायलाही बंदी आहे.

आज पाटीवर लिहिलं, "शेजारच्या दोघी मुली गाणं शिकायला येऊ म्हणतात. पुढच्या खोलीत बसवीन. चटई आहे." मी म्हटलं, "आधी बरी तर हो, मग बघू." ज्या बाईने भरलेली सभागृहं हलवली तिने चटईवर बसून सारेगम घोटवायची? माझ्या जिवाला लागलं ते.

२५ जून

कुलूप उघडलं. तीन आठवड्यांनी हिचा पहिला शब्द ऐकायला मी पेटी पुसून बसलो होतो, का कोण जाणे. ही स्वयंपाकघरातून आली, घसा न खाकरता हळूच म्हणाली, "अहो, भाजीत मीठ तुम्ही दोनदा घालता."

आवाज जरा पोकळ, पण आहे. दिवसाला दहा मिनिटं बोलायची मुभा. त्यातली चार माझ्या स्वयंपाकावर खर्च झाली.

१७ जुलै

आज गाऊन पाहिलं.

हिची वेगळी छोटी सूरपेटी आहे, विजेवर चालणारी. बटण फिरवून पट्टी लावायची. छापील खुणा केव्हाच पुसल्या गेल्या, म्हणून हिच्या पट्टीच्या जागी तिने नेलपॉलिशचा लाल ठिपका दिलेला आहे, म्हणजे चष्मा नसला तरी बटण बरोबर जागी थांबतं. तिने ते ठिपक्यावर आणलं, मी पेटी धरली. खालचे सूर छान लागले. मधले ठीक. वरच्या सा ला आवाज फाटला, नवं कापड टरकन फाटतं तसा. पुन्हा केला, पुन्हा फाटला.

हिने सूरपेटी बंद केली. मला वाटलं आता रडेल. तर म्हणाली, "राहू द्या. खाली घेऊन गाता येईल, नाहीतर नाही. मुलींना उद्यापासून बोलावते." आणि शेंगा सोलायला बसली, जसं काही झालंच नाही. मधेच गुणगुणलीसुद्धा, अगदी खालच्या सुरात.

मला ते बघवेना. माणूस आतून मोडलं की असंच शांत होतं.

१८ जुलै

जे केलं ते लिहून ठेवतो. वही खोटी नको.

ही बाजारात गेली होती. माझ्या पेटीला खटका आहे. तो दाबला की सगळ्या पट्ट्या एक घर सरकतात. बोटं काळी पाचवर ठेवायची आणि निघणारा सूर मात्र त्याच्या शेजारचा, अर्धा खाली, पांढरी सहाचा. पाहणाऱ्याला काही कळत नाही. तो खटका सरकवला. मग सूरपेटीवरचा लाल ठिपका नेलपॉलिश पुसायच्या पाण्याने काढला आणि तिच्याच बाटलीतून नवा ठिपका अर्धा सूर मागे दिला. हात हलला, ठिपका जरा लांबट झाला. वाळेपर्यंत फुंकर घालत बसलो.

कान हिचा फार तयार आहे. पण दीड महिना तोंडात सूर नाही, आणि पेटी व सूरपेटी दोघी एकच सांगतायत म्हटल्यावर ती शंका तरी कुणावर घेणार? कान ज्यावर विश्वास ठेवतो त्याच्याशी तुलना करतो. आणि ज्यावर ती विश्वास ठेवते तो मी.

डॉक्टरीणबाईंना हवं तेच झालं, पट्टी उतरली. हिला हवं तेही झालं, काळी पाच राहिली. झाकली मूठ सव्वा लाखाची.

१९ जुलै

लागला! आग्रहाने पुन्हा गायला बसवलं आणि वरचा सा लागला. काठाला जरा खरखर, पण लागला. हिने गाणं अर्ध्यात थांबवलं आणि माझ्याकडे बघत राहिली.

"अहो, परवा का नाही आला?"

"परवा घाबरली होतीस," मी म्हटलं.

"बरं झालं तुमचं ऐकलं," ती म्हणाली. "मी तर सोडायलाच निघाले होते."

इतका आनंद मला लग्नातही झाला नसेल.

५ ऑगस्ट

आणखी एक घर सरकवलं. आता काळी चार. ठिपकाही पुन्हा मागे नेला, या वेळी गोल जमला. परवा वरच्या सुरावर तिच्या मानेची शीर फुगलेली दिसली, म्हणून. आता शीर दिसत नाही. तान मोकळी पडते, आवाज पंचविशीतला वाटतो. गळ्याला कसलाही ताण नाही. मी हिच्या गळ्याला तळहातावरच्या फोडासारखा जपतोय, फक्त तिला ते माहीत नाही.

१२ ऑगस्ट

तपासणी. सूज उतरली. डॉक्टरीणबाई खूश.

"पट्टी उतरवलीत ना?"

"छे!" ही टेबलावर थाप मारून म्हणाली. "काळी पाचच गाते मी. या आमच्या पेटीमास्तरांनी सोडू दिली नाही."

डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरचा गळ्याचा तक्ता वाचत होतो. "मग फार जपून," त्या म्हणाल्या. "वरून बरं दिसतंय, पण गळ्यातले पडदे अजून कोवळे आहेत. दुखलं की थांबायचं. दुखणं ही धमकी नसते, निरोप असतो."

घरी आल्यावर हिने कोमट पाण्यात मीठ घालून गुळण्या केल्या. मिठाच्या गुळण्या ती करते, आणि मिठाची गुळणी धरून बसलोय मी.

२३ ऑगस्ट

वाचनालयाच्या हॉलमध्ये छोटा कार्यक्रम. सत्तर-ऐंशी माणसं. आमचे तबलजी वीस वर्षांपासूनचे. त्यांचा तबला हिच्या सा ला मिळवलेला असतो, तेव्हा त्यांच्यापासून लपवणं शक्यच नव्हतं. आधी जाऊन भेटलो, सगळं सांगितलं. त्यांनी हातोडी खाली ठेवली.

"तबला उतरवतो मी, त्यात काय. पण मास्तर, वहिनींना सांगा."

"सांगतो."

"आजच सांगा. आज त्या हसतील. उशीर केलात तर हसणार नाहीत."

"सांगतो म्हटलं ना!"

हॉलमध्ये हिने वरचा सा लावला आणि धरून ठेवला. लोक उभे राहिले. मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, "काळी पाच!" ही माझ्याकडे वळून हसली. अशा चेहऱ्याला काय सांगायचं? कोणत्या तोंडाने?

११ सप्टेंबर

नाटकवाले घरी आले होते. नवं संगीत नाटक, पंचवीस प्रयोग ठरलेले, मुख्य भूमिकेत गाणारी हवी. वाचनालयातल्या कार्यक्रमाला त्यांच्यापैकी कुणीतरी होतं. साथीचं सगळं संगीत आधीच ध्वनिमुद्रित झालं आहे. "काळी पाचमध्येच आहे," ते म्हणाले, "बाईंच्या पट्टीत. खास त्यासाठीच आलो."

पेटीवाला लागणार नाही. ते त्यांनी फार सभ्यपणे सांगितलं.

ही लगेच हो म्हणाली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "अहो, चालेल ना? तुमच्याशिवाय मी कधी..." मी म्हटलं, "न चालायला काय झालं! मी विंगेत थर्मास घेऊन बसेन." मला वाटतं माझा चेहरा उतरला होता आणि तिने त्याचा अर्थ पेटीचा घेतला. थोडा पेटीचाही होता.

शेजारच्या दोघी मुलींना तिने संध्याकाळी सांगून टाकलं की आता वेळ नाही. थोरली दारातच रडली. दोन महिने येत होती, तिचा आवाज गोड आहे.

हीच वेळ होती सांगायची. चहाचे कप उचलताना तोंड उघडलंसुद्धा. ती म्हणाली, "काय?" मी म्हटलं, "साखर संपत आलीये."

२० सप्टेंबर

काल नाटकाच्या ध्वनिमुद्रणवाल्याला एकट्याला गाठलं. कानावर भलेमोठे हेडफोन, तरुण, पण बोलायला सरळ. विचारलं, हे सगळं संगीत एक सूर खाली आणता येईल का?

"दोन मिनिटांचं काम आहे, काका. कॉम्प्युटरवर होतं. पण दुसऱ्या नटांचीही गाणी यात आहेत, त्यांना सांगावं लागेल. बाईंनी स्वतः येऊन म्हणायला हवं की मला खाली हवंय. मी असं परस्पर नाही करणार."

"विचारतो त्यांना," मी म्हटलं.

दोन मिनिटं. एक वाक्य.

रात्रभर घोकलं. सकाळी हिने दार उघडून विचारलं, "आज तालमीला कुठली साडी नेसू?" तिला निळी म्हटलं.

२ ऑक्टोबर

पाणी तेरा पेले. खाकरणं वाढलंय, तिच्या लक्षात येत नाही. बोलताना शेवटचा शब्द हवेत जातो.

आज बसमध्ये म्हणाली, "घरी गळा कसा सुटतो, आणि हॉलमध्ये गेलं की अडकतो. तीच गाणी, तीच पट्टी. म्हणजे भीतीच माझी. दुसरं काय असणार?"

मी खिडकीबाहेर बघत होतो.

"तुम्हीच म्हणाला होतात ना जुलैत, घाबरली होतीस म्हणून. तसंच हे. दुखलं तरी आता थांबायचं नाही. भीतीला एकदा रेटलं की ती जाते."

डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, दुखलं की थांबायचं. मी ते बोलून दाखवलं. "अहो, त्या दुखण्याचं वेगळं," ती म्हणाली, "हे मनाचं आहे."

६ ऑक्टोबर

काल तबलजी आले होते. ही तालमीला. चहासुद्धा घेतला नाही त्यांनी.

"सांगितलंत?"

"नाटक एकदा पार पडू दे."

"मास्तर, घरी काळी चार आणि तिथे काळी पाच. माणूस एका पायात जोडा घालून किती चालेल?"

"पूर्ण सूर म्हणजे काही डोंगर नव्हे."

"तुम्ही कधी गायलात? बोटाने दाबायचा सूर आणि गळ्याने उचलायचा सूर, दोन्ही सारखे वाटतात तुम्हाला."

मग उठून दारात चप्पल घालताना म्हणाले, "त्यांच्यासाठी केलंत म्हणता. असेलही." मला राग आला. वीस वर्षांची ओळख नसती तर चार शब्द सुनावले असते.

पण रात्री विचार केला. घरचीच पट्टी हळूहळू वर नेली तर? तिला कळायच्या आत घर आणि हॉल एक होतील, गोष्ट मिटेल. आज सकाळीच खटका अर्धा सूर वर सरकवला, ठिपकाही. सांगायचीही गरज उरणार नाही.

१० ऑक्टोबर

उलटंच झालं. घरीही आता वरचा सूर अडकतो, आणि ती म्हणते, "बघितलंत? भीती घरात आली." रियाझ दुप्पट केला. सकाळी दीड तास, तालमीत चार तास, आल्यावर पुन्हा अर्धा. गोळी चघळते, त्याने घसा बधिर होतो आणि दुखत नाही. मी म्हटलं, बधिर झाल्यावर गाऊ नये, कुठे लागतंय ते कळत नाही. ती म्हणाली, "मला कळायलाच नकोय."

सावरायला गेलो आणि आणखी खोलात घातलं. आता पुन्हा खाली आणू? की वर? की कुठे? पेटी उघडून खटक्यावर बोट ठेवून बसलो आणि तसंच झाकण लावलं.

१८ ऑक्टोबर

पहिला प्रयोग. निभावला. मी विंगेत थर्मास धरून. तिच्या प्रत्येक वरच्या सुराला मी थर्मासचं झाकण आणखी घट्ट पिळत होतो. टाळ्या पडल्या. ती आत आली आणि बोलायला गेली तर नुसती हवा आली. खुणेने म्हणाली, पाणी.

आता चोवीस उरले, असं मी मोजलं. मग मोजण्याची लाज वाटली.

२६ ऑक्टोबर

पाचवा प्रयोग, दुपारचा. दुसऱ्या अंकातलं गाणं. वरच्या सा वर ती चढली, आणि सूर मधेच तुटला. फाटला नाही, विरला नाही. दिवा जावा तसा गेला. संगीत चालूच होतं, त्याला काय कळतं. तिचं तोंड उघडं होतं, हात वर होता, आणि त्यातून काही येत नव्हतं. प्रेक्षकांना आधी वाटलं हा अभिनयच आहे.

पेटी असती तर मी थांबलो असतो. सूर खाली घेतला असता, आलाप भरला असता, पडदा पडेपर्यंत तिला झाकलं असतं. एकतीस वर्षं तेच तर केलं.

ती विंगेत आली. रडत नव्हती. गळ्यावर हात ठेवून माझ्याकडे बघत होती, एखादी वस्तू घरी विसरली का हे विचारावं तशी.

२७ ऑक्टोबर

दवाखान्यातल्या पडद्यावर पुन्हा त्या दोन कडा. डावी पूर्ण लाल. आत रक्त साकळलंय.

"आधी गप्प राहायचं, तीन आठवडे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "रक्त ओसरेल. पण त्याखाली व्रण राहील असं दिसतंय. बोलता येईल. गाण्याचं... मी खोटी आशा लावणार नाही." मग वैतागून म्हणाल्या, "मला कळत नाही. ऑगस्टमध्ये हा गळा सुधारत होता. घरी सहज गात होत्या ना? मग अडीच महिन्यांत असं काय झालं? वही द्या बघू, नोंदी बघते."

"घरी राहिली," मी म्हटलं.

वही माझ्या पिशवीत होती. तिचं टोक बाहेर दिसत होतं. ही माझ्या शेजारी बसली होती आणि तिने ते पाहिलं.

घरी आल्यावर तिने चपला काढल्या, खुर्चीत बसली आणि माझ्यापुढे हात केला. मी वही दिली.

खिडकीपाशी बसून तिने सगळी वाचली. दुपारचे दोन ते साडेचार. पानं हळू उलटत होती. मी स्वयंपाकघरात उभा होतो. एकदा तिने उठून सूरपेटी आणली, मांडीवर घेतली, बटणाशेजारी नखाने खरवडलं. खाली जुन्या ठिपक्यांचे डाग असणारच. मग पुन्हा वाचायला लागली.

मला वाटलं पाटी फेकून मारेल. फेकली असती तर बरं झालं असतं. ओरडताही येत नाही तिला. ओरडली तर गळ्याचं उरलंसुरलंही जायचं, आणि ती गळ्याला जपते.

वाचून झाल्यावर वही तिने टेबलावर ठेवली, सरळ, कडेला कड लावून. पाटी कोरी होती. पेटीचं झाकण तिने लावलं आणि त्यावर धुतलेल्या कपड्यांची घडी ठेवली.

९ नोव्हेंबर

पाणी बारा पेले. बाकी काय लिहू.

मी माफी मागितली. चार वेळा, वेगवेगळ्या शब्दांत. ती ऐकते. मान हलवते, हो म्हणून नाही, ऐकलं म्हणून. दोन दिवसांपूर्वी तबलजी येऊन गेले; त्यांच्यासाठी तिने पाटीवर लिहिलं, "तुम्हाला माहीत होतं." ते खाली बघून बसले. मग तिने पुढे लिहिलं, "चहा घ्या." त्यांनी घेतला.

मी अजून म्हणतो, माझा हेतू वाईट नव्हता. तिची काळी पाच मला तिच्यापेक्षा जास्त हवी होती, एवढंच. हे वाक्य लिहून झाल्यावर पुन्हा वाचलं. खोडत नाही.

१८ नोव्हेंबर

मौन काल संपलं. डॉक्टरीणबाईंनी आज तपासून सांगितलं, बोला, हळू. व्रण आहे, तो राहणार. ही त्यांना म्हणाली, "बरं." आवाज जाडा, चिरलेला, ओळखू येईना. खाली उतरताना औषधांच्या दुकानात ती त्या माणसाशी बोलली, सुट्टे आहेत म्हणाली. घरी आल्यावर लेकीला फोन केला, दार लावून, दहा मिनिटं. शेजारची थोरली मुलगी जिन्यात भेटली तिच्याशीही दोन शब्द बोलली.

माझ्यासाठी अजून पाटीच आहे. "जेवण वाढलंय." "दार लावा."

मागच्या वेळी मौन सुटल्यावर किती दिवसांनी बोलणं सुरळीत झालं ते बघावं म्हणून मी आत्ता वही पहिल्या पानापासून उघडली. तिने वाचल्यापासून पहिली पानं मी उलटली नव्हती. चार जूनची नोंद. पान समोरच्या पानाला जरासं चिकटलं होतं, सोडवलं. "अर्धा सूर खाली घेऊ या का? मला चालेल." या ओळीसमोर, समासात, नेलपॉलिशचा लाल ठिपका आहे. बारीक, गोल, अगदी नीट. हात हलू न देता दिलेला.

हे मी माझ्याच अक्षरात लिहिलं होतं. तिने विचारलं होतं, पहिल्याच दिवशी, तिला चालणार होतं. आणि मी रुमालाने पुसून टाकलं होतं.

वही तशीच उघडी घेऊन मी तिच्यापुढे जाऊन उभा राहिलो. तिने ठिपका पाहिला, मग मला पाहिलं. हाताशी असलेली पाटी उचलली, ओल्या फडक्याने स्वच्छ पुसली आणि पेन्सिलीसकट माझ्याकडे सरकवली.

मी पेन्सिल धरून बसून राहिलो. थोडा वेळ वाट पाहून ती भाजी निवडायला उठली.